‘बोलतो का?’ : दोन वर्षांची ही डेडलाइन आली कुठून?

नेहमीप्रमाणे हा भागाचा लेखी मजकूर. बोलताना जे ‘म्हणजे’ आणि ‘अ‍ॅक्च्युअली’ होते ते जमेल तेवढे उडवलेत, बाकी तसंच ठेवलंय.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आपल्या नागपुरात घरोघरी पोट्ट्यांची लूट चालते. पुण्या-मुंबईकडे तिला बोरन्हाण म्हणतात. हलव्याचे दागिने घातलेलं बाळ पाटावर, डोक्यावरून बोरं, मुरमुरे, चॉकलेटं ओततात आणि आजूबाजूची पोरं त्यावर तुटून पडतात. या गोंधळात एक सवाल हमखास येतो. ‘किती महिन्यांचा झाला? बोलतो का?’ बाळ बोलत असेल तर आई लगेच डेमो देते. नसेल तर ती हसते, विषय बदलते आणि रात्री दोन वाजता मोबाईलवर सर्च करत बसते.

मी पेशानं सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे माझा प्रश्न जरा वेगळा होता. वर्षाला पहिला शब्द, दोन वर्षांला दोन शब्दांचं वाक्य ही डेडलाइन ठरवली कोणी? रिक्वायरमेंट कुठून आली? शोधत गेलो तर वाटेत एक बादशहा भेटला, डार्विन भेटला, पुण्याचे एक भाषाशास्त्रज्ञ भेटले आणि बडोद्याच्या एक बाई भेटल्या.

बादशहापासून सुरुवात करू. बाळ बोलायला शिकतं कसं, हा प्रश्न राजांना फार जुन्या काळापासून छळतोय. हेरोडोटसने इजिप्तच्या एका राजाची गोष्ट लिहून ठेवली आहे. त्याने दोन बाळं मेंढपाळाकडे ठेवली आणि त्यांच्यासमोर कोणी एक शब्द बोलायचा नाही, अशी ताकीद दिली. बाळं आपसूक जी भाषा बोलतील ती जगातली पहिली भाषा, हा त्यामागचा तर्क. आपल्याकडे हाच उद्योग अकबराने केला. अबुल फझल आणि बदायुनी, दोघांनीही त्याची नोंद ठेवली आहे. तान्ही बाळं एका वेगळ्या वाड्यात ठेवली, त्यांना सांभाळणाऱ्यांना बोलायची बंदी. लोक त्या वाड्याला गुंग महल म्हणू लागले, म्हणजे मुक्यांचा महाल. काही वर्षांनी, 1582 मध्ये, बादशहा बघायला गेला तर कुठलीच भाषा निघाली नाही. नुसते आवाज.

प्रयोग क्रूर होता, यात वाद नाही. ती बाळं कोणाची होती, पुढे त्यांचं काय झालं, याची फिकीर इतिहासात कोणी केलेली दिसत नाही. पण त्यातून एक गोष्ट चारशे वर्षांपूर्वीच दिसली होती. भाषा कानातून आत जाते. कान आणि समोर बोलणारं माणूस, यांतलं एक जरी नसलं तरी तोंडातून काही येत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता डार्विन. त्याचा थोरला मुलगा विल्यम डिसेंबर 1839 मध्ये जन्मला. आपण बेडकांचं, किड्यांचं निरीक्षण करतो तसंच याने पोराचं केलं आणि वहीत टिपलं. कधी रागावलं, कधी घाबरलं, कधी हसलं. त्या नोंदी 1877 मध्ये ‘माइंड’ नावाच्या नियतकालिकात छापून आल्या. त्यात एक नोंद अशी की, बरोब्बर एक वर्षाचं असताना पोराने खाण्यासाठी स्वतःचा एक शब्द काढला. शब्द कोणता? ‘मम’.

अरे! हे वाचून मी खुर्चीतच हसलो. आपल्याकडे हजारो घरांत आत्ता या क्षणी कोणीतरी वाटी-चमचा घेऊन पोरामागे ‘मम्मं खा, मम्मं खा’ करत धावतंय. डार्विनच्या घरी मराठी आया होती असं काही नाही. ओठ मिटून ‘म’ काढणं बाळाला सोपं, आणि दूध पिणाऱ्या तोंडाला तर अजूनच सोपं.

या ‘मम्मं’वर खरोखर संशोधन झालंय आणि ते मराठीवर झालंय. 1964 साली चार्ल्स फर्ग्युसन या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने सहा भाषांतल्या लाडिक बोलीची तुलना करणारा निबंध लिहिला. अरबी, इंग्रजी, स्पॅनिश, कोमँची, गिल्याक आणि सहावी आपली मराठी. त्याच वर्षी ‘वर्ड’ या नियतकालिकात अशोक केळकरांचा खास मराठी बाळबोलीवरचा निबंध आला. केळकर म्हणजे पुण्याच्या डेक्कन कॉलेजातले भाषाशास्त्रज्ञ. पुढे 2002 मध्ये पद्मश्री, आणि ‘रुजुवात’साठी साहित्य अकादमी. एवढा मोठा माणूस, आणि भुर्र-टाटा-जोजो असल्या गोष्टींवर गंभीरपणे लिहितो, हे मला फार आवडलं. आपण मराठीच्या अभिजातपणावर तावातावाने भांडतो. पण जगातल्या भाषाशास्त्राच्या अभ्यासात मराठी बाळबोली साठ वर्षांपूर्वी जाऊन बसली आहे, हे आपल्या गावीच नाही.

यातला मुद्दा काय? आपल्याला वाटतं ‘भूभू’, ‘माऊ’, ‘हम्मा’, ‘बाऊ’ हे बाळाचे शब्द. बहुतेक वेळा ते मोठ्यांचे असतात. पिढ्यान्‌पिढ्या मोठ्यांनी लहानांसाठी घासूनपुसून ठेवलेला तो संच आहे. सोपी व्यंजनं, तोच आवाज दोनदा, मधलं अक्षर जोर देऊन. म्हणजे ती बीटा व्हर्जन नाही, बिगिनर्ससाठी मुद्दाम बनवलेला इंटरफेस आहे. पुढच्या काळात प्रयोगांतून दिसलं की, बाळं साध्या सुरातल्या बोलण्यापेक्षा या चढ्या, लांबवलेल्या, गाणंवजा बोलण्याकडे जास्त लक्ष देतात. तेव्हा ‘पोराशी बोबडं बोलू नका, बिघडेल’ म्हणणाऱ्या काकांना हा भाग फॉरवर्ड करा.

आता आजीचा बटवा. बोलायला उशीर झाला की आपल्याकडे पहिला उपाय वेखंड. सहाणेवर उगाळून जिभेला चाटवायचं. वेखंडाचं संस्कृत नाव माहितीये? वचा. ‘वच्’ म्हणजे बोलणे, त्याच धातूच्या घरातलं. औषधाच्या नावातच दावा भरलाय! काश्यपसंहितेत सोनं मधात उगाळून बाळाला चाटवायला सांगितलंय, आणि सहा महिने दिलं तर बाळ ऐकलेलं लक्षात ठेवणारं होईल असं फळही सांगितलंय. त्यापलीकडे पोपटाचा उष्टा पेरू आहेच. पोपट बोलतो, मग त्याचं उष्टं खाऊन बाळही बोलेल. लॉजिक म्हणून वाईट नाही, फक्त चालत नाही.

यावर मी हसणार नाही. दीड-दोन हजार वर्षं लोक काहीतरी चाटवत आलेत, याचा अर्थ तेवढी वर्षं आयांना ही काळजी लागलेली होती. काळजी इंटरनेटने आणलेली नाही. पण दोन गोष्टी स्पष्ट सांगतो. वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचा नाही. त्यातून बोट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. आणि वेखंडातल्या एका घटकाच्या शंकेवरून अमेरिकेने 1968 मध्येच ते खाद्यपदार्थांत घालायला बंदी केली. आजी प्रेमाने देते, पण बाळाच्या पोटाला प्रेम आणि डोस यांतला फरक कळत नाही.

डेडलाइनकडे येतो. बाळांच्या वाढीचं मोजमाप पद्धतशीरपणे सुरू केलं ते अमेरिकेत येल विद्यापीठातल्या अर्नोल्ड गेसेलने. 1911 मध्ये त्याचं क्लिनिक निघालं. कोणत्या महिन्यात बाळ काय करतं, याचे तक्ते त्याने बनवले. मग नॅन्सी बेली आल्या, त्यांनी चाचण्या अजून नेमक्या केल्या. अडचण एवढीच की, ही सगळी बाळं अमेरिकन होती. तिथल्या बाळाचा तक्ता घेऊन धरमपेठेतल्या बाळाला मोजणं म्हणजे न्यू हेवनच्या थंडीवरून नागपूरचा मे महिना ठरवण्यासारखं.

हे काम आपल्याकडे केलं बडोद्याने. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या बालविकास विभागात प्रमिला फाटक यांनी बेलीच्या चाचण्या हाताशी घेतल्या आणि एक महिना ते तीस महिने वयाच्या भारतीय बाळांचा दीर्घकाळ अभ्यास केला. तीच बाळं पुन्हा पुन्हा तपासायची, वाढतील तशी. 1970 मध्ये तो अहवाल आला आणि डॉक्टर मंडळी त्याला ‘बडोदा नॉर्म्स’ म्हणू लागली. त्यातूनच डीएएसआयआय ही भारतीय बाळांची मोजपट्टी तयार झाली. 1997 मध्ये ती सुधारून आली. शारीरिक हालचालींच्या 67 आणि मानसिक वाढीच्या 163 पायऱ्या. आजही बालविकास केंद्रात बाळाला ठोकळे, घंटी, कप, बाहुली देऊन तपासतात ना, त्यामागे बऱ्याचदा हीच मोजपट्टी असते. फाटकबाईंचं नाव मात्र आपल्यापैकी किती जणांनी ऐकलंय? मी तरी शाळेत ऐकलं नव्हतं.

तासभराची चाचणी हा एक भाग झाला. पण खेड्यातल्या अंगणवाडीताईने काय करायचं? त्यासाठी 1991 च्या सुमारास दोन छोटे तक्ते निघाले. एक फाटक आणि खुराणा यांचा बडोद्याचा, दुसरा केरळात त्रिवेंद्रमचा. त्रिवेंद्रमचा तक्ता बघून मला आमच्या ऑफिसची आठवण झाली, कारण तो अक्षरशः गँट चार्ट आहे! दोन वर्षांपर्यंतच्या फक्त सतरा गोष्टी. प्रत्येकीची आडवी पट्टी, कितव्या महिन्यापासून कितव्या महिन्यापर्यंत ती यायला हवी हे दाखवणारी. बाळाच्या वयावर उभी पेन्सिल ठेवायची. जी पट्टी पेन्सिलच्या डावीकडे पूर्ण संपलीये आणि तरी बाळाला ती गोष्ट जमत नाही, तिथे लाल दिवा. सतरांपैकी बोलण्याची म्हणावी अशी गोष्ट एकच, दोन शब्द म्हणणे. शेवटची गोष्ट मात्र ऐकून समजण्याची आहे. बाहुलीचे डोळे, नाक, हात दाखव म्हटलं की दाखवणे. म्हणजे तक्ता करणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं की, बोलतो का याच्याइतकाच समजतं का हाही प्रश्न आहे. लुटीच्या दिवशी हा दुसरा सवाल कोणी विचारत नाही.

पट्टी ही रेंज असते, हे इथे नीट समजून घ्या. अमेरिकेच्या सीडीसीने आपली यादी 2022 मध्ये बदलली. आधीच्या यादीत साधारण निम्म्या मुलांना जे जमतं ते लिहिलेलं असे. आता पाऊणशे टक्के किंवा जास्त मुलांना जे जमतं तेच लिहितात. का? तर निम्म्यांच्या यादीत उरलेली निम्मी पोरं आपोआप मागे पडलेली दिसतात. मग काळजी करणारे उगाच घाबरतात आणि डॉक्टर त्यांना ‘थांबा, बघू’ म्हणतात. नव्या यादीत दोन वर्षांला दोन शब्द जोडणं आहे, आणि पन्नासेक शब्द अडीच वर्षांला. स्पीच थेरपिस्टांपैकी अनेकांना हा बदल पटलेला नाही. पन्नास शब्दांची रेघ पुढे ढकलली, म्हणजे काही मुलं उशिरा सापडतील, ही त्यांची तक्रार. मला दोन्ही बाजू पटतात. अलर्टचा थ्रेशोल्ड खाली ठेवला तर खोटे अलार्म, वर ठेवला तर खरी आग सुटते. रात्रपाळीचा सपोर्ट केलेल्या कोणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही.

आता आपल्या गावचा खास प्रश्न. नागपूर 1861 पासून मध्य प्रांताची राजधानी. पुढे सीपी अँड बेरार, हिंदी आणि मराठी दोन्ही कारभाराच्या भाषा. 1956 मध्ये आपण मुंबई राज्यात आलो, 1960 मध्ये महाराष्ट्रात. राज्य बदललं, सीताबर्डीची भाषा काही बदलली नाही. भाजीवाल्याशी हिंदी, आजीशी मराठी, बेबीसिटरशी काहीतरी मधलं, आणि कार्टून इंग्रजी. मग पोरगं उशिरा बोललं की पहिला आरोपी ठरलेला: ‘दोन-तीन भाषांनी गोंधळलाय तो. एकच बोला.’ आणि बहुतेक वेळा बळी जातो मराठीचा, कारण शाळेत तर इंग्रजीच लागणार नं!

या समजुतीलाही इतिहास आहे. 1923 मध्ये सेअर नावाच्या संशोधकाने वेल्समधल्या मुलांच्या चाचण्या घेऊन जाहीर केलं की, दोन भाषा बोलणारी मुलं बुद्धीत मागे असतात. गंमत म्हणजे त्याला तो फरक खेड्यांतल्या मुलांत दिसला होता, शहरातल्या नाही. तरी तो निष्कर्ष चाळीस वर्षं फिरत राहिला. 1962 मध्ये माँट्रियलमध्ये पील आणि लँबर्ट यांनी घरची परिस्थिती सारखी असलेली मुलं घेऊन तुलना केली तर निकाल उलटा आला. दोन भाषांची मुलं पुढे. आपल्याकडे अजित मोहंतींनी ओडिशातल्या कंध मुलांवर काम केलं, कुई आणि ओडिया बोलणाऱ्या. तिथेही द्विभाषिक मुलं मागे नव्हती, उलट सरस होती. दोन भाषांमुळे वाचादोष होतो, असं संशोधन सांगत नाही. फक्त मोजताना दोन्ही भाषांतले शब्द मिळून मोजायचे. पोरगं ‘पाणी’ म्हणतं आणि ‘बॉल’ म्हणतं, तर ते दोन शब्द झाले. मराठीचे दहाच, इंग्रजीचे आठच, असं वेगवेगळं मोजून रडायचं नाही.

इथे थोडं घरचं सांगतो, माझ्या मावसबहिणीला विचारून. तिचा मुलगा दीड वर्षाचा होता, शब्द जवळजवळ नाहीत. एका डॉक्टरांनी सांगितलं, मुलगा आहे, मुलं उशिराच बोलतात, बाप पण उशिरा बोलला असेल. सासूबाईंनी लगेच दुजोरा दिला, हो, हा पण तिसऱ्या वर्षी बोलला. सगळे निर्धास्त. ताईला मात्र एक गोष्ट खटकत होती. मागून हाक मारली की पोरगं कधी वळायचं, कधी नाही. सहा महिन्यांनी तिने हट्टाने कान तपासून घेतले. दोन्ही पडद्यांमागे पाणी साचलेलं. म्हणजे बिचारा एवढे दिवस पाण्याखालून ऐकावं तसं ऐकत होता. उपचार झाले, थेरपी सुरू झाली. ते सहा महिने गेले ते गेले.

गुंग महल आठवतोय? कान. बोलणं उशिरा आलं की पहिला प्रश्न कानाचा, आणि आपल्याकडे तो शेवटी विचारला जातो. यात फसायला होतं, कारण पूर्ण बहिरं बाळसुद्धा सुरुवातीचे काही महिने ‘आ-ऊ’ करतं, हसतं, आवाज काढतं. थाळी वाजवून बघितली तर हवेचा झोत, सावली, हालचाल यांमुळे वळतं, आणि घरचे म्हणतात, बघा, ऐकतोय की.

भाषेतच किती गोंधळ होता बघा. शंकरनगरची मूकबधिरांची संस्था नागपुरात कोणालाही विचारा, रिक्षावाला बरोबर नेऊन सोडेल. ‘मूक’ आणि ‘बधिर’ जोडीने, जणू दोन वेगळी दुखणी. भारतातली बहिऱ्या मुलांची पहिली शाळा 1885 मध्ये मुंबईत निघाली, तिच्या इंग्रजी नावातही हेच दोन शब्द शेजारी शेजारी. आता ‘कर्णबधिर’ म्हणतात, आणि तो नुसता सौम्य शब्द नाही, तो अधिक बरोबर आहे. गळ्याला काही झालेलं नसतं. ऐकू न आल्याने बोली भाषा पोहोचलेली नसते. खुणांची भाषा मिळाली तर तीच मुलं भरभरून बोलतात, हातांनी. 1983 मध्ये मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था निघाली, तिच्यामुळे या क्षेत्राला देशपातळीवरचं केंद्र मिळालं. आणि 1998 मध्ये अमेरिकेत कोलोरॅडोतल्या अभ्यासात दिसलं की, ज्या मुलांचा ऐकण्याचा दोष सहा महिन्यांच्या आत सापडला, त्यांची भाषा उशिरा सापडलेल्यांपेक्षा स्पष्टपणे चांगली आली. सहा महिने! आपण अडीच वर्षं ‘बापावर गेलाय’ म्हणत बसतो.

आईन्स्टाईन आल्याशिवाय हा विषय संपत नाही, फॅमिली ग्रुपवर तर नाहीच. ‘तो पण चार वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता.’ त्याने स्वतः उतारवयात लिहिलंय की, आपण उशिरा बोलायला लागलो म्हणून आईवडिलांनी काळजीने डॉक्टरांना विचारलं होतं. पण चार वर्षं वगैरे नाही. त्याच्या बहिणीने, मायाने, घरची आठवण लिहून ठेवली आहे. तिचा जन्म झाला तेव्हा तो पावणेतीन वर्षांचाही नव्हता. खेळायला कोणीतरी आणलंय असं त्याला सांगितलं होतं, तर बाळाला बघून त्याने विचारलं, हिची चाकं कुठायत? पावणेतीन वर्षांचं पोरगं एवढं बोलत असेल तर आजचा डॉक्टरही फार घाबरणार नाही. आणि जे फॉरवर्डवाले सोयीस्करपणे गाळतात ते हे, की त्याचे आईवडील डॉक्टरकडे गेले होते.

उशिरा बोलणारी बरीच मुलं, निम्म्याहून जास्त, पुढे बरोबरीला येतात हे खरंच आहे. फक्त दोन वर्षांच्या पोराकडे बघून ते त्यातलं कोणतं, हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही. समजतं का, बोट दाखवून मागतं का, नजर देतं का, ऐकू येतं का, हे तपासावंच लागतं.

स्क्रीनचं थोडक्यात, कारण त्यावर लेक्चर देण्याचा अधिकार मला नाही. तुम्हीही हे मोबाईलवरच ऐकताय. 2003 मध्ये पॅट्रिशिया कूल यांनी अमेरिकन बाळांना चिनी भाषा ऐकवली. काहींना समोर बसलेल्या माणसाकडून, काहींना तीच माणसं टीव्हीवर. समोर माणूस होता ती बाळं त्या भाषेतले आवाज ओळखायला शिकली. टीव्हीवाली अजिबात नाही. टीव्ही आणि मोबाईल भरपूर बोलतात, पण बाळाने ‘ता’ म्हटलं तर थांबून ‘हो रे, ताट!’ म्हणत नाहीत.

शेवटचा तुकडा महाराष्ट्राचा. ताराबाई मोडक आपल्या वऱ्हाडाच्या सूनबाई, लग्नानंतरची काही वर्षं अमरावतीत राहिलेल्या. पुढे भावनगरला गिजुभाईंबरोबर काम, आणि 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र. सोबत अनुताई वाघ. 1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वारली पोरं शाळेत येईनात, म्हणून या बायका शाळाच त्यांच्या अंगणात घेऊन गेल्या, तिथून अंगणवाडी. 1975 मध्ये केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली आणि तो शब्द देशभर गेला. आणि फेब्रुवारी 2013 मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला तोही पालघरला, त्याच पट्ट्यात. त्यात अंगणवाडीत आणि शाळेत डॉक्टरांचं पथक येऊन मुलं तपासतं. जन्मजात बहिरेपण आणि भाषेतला उशीर हे दोन्ही त्या यादीत आहेत. शंका आली की जिल्ह्याच्या शीघ्र निदान केंद्राकडे पाठवतात, आणि तपासणी, उपचार मोफत. तुमच्या घरी काम करणाऱ्या ताईंना हे माहीत आहे का, विचारून बघा. आमच्या बिल्डिंगमध्ये सहा जणींना विचारलं, एकीला माहीत होतं.

बस, आजच्यापुरतं एवढंच. एक काम मात्र तुमच्याकडे. केळकरांचा निबंध 1964 चा, आणि तेव्हाची बाळबोली आता किती उरलीये हे मला बघायचंय. तुमच्या घरी पाण्याला, झोपेला, लागण्याला, कुत्र्याला बाळासाठी काय म्हणतात? वऱ्हाडी, झाडीबोली, हळबी, गोंडी, काहीही चालेल. आजीच्या आवाजात व्हॉइस नोट पाठवलीत तर अजून मजा. पुढच्या भागात लावतो.